चांगुणाकाकीचं खाचर

पावसाळा लागला की मी नदीवर पाळत ठेवते. सकाळी चूल पेटवायच्या आधी मागच्या दारात जाऊन बघते, आज पाण्याचा रंग कोणता. चहासारखा असेल तर ठीक. लालभडक असेल तर वर डोंगरात जोर आहे. आणि पाण्यावरून काटक्या, पालापाचोळा, एखादं तुटकं टोपलं असं एकामागे एक यायला लागलं, की मी तांदळाचे डबे माळ्यावर चढवायला घेते. आमचे हे हसतात. "तू पोलिसात जायला पायजे होतीस," म्हणतात. हसा म्हणावं. जी एकदा न विचारता घरात शिरली तिच्यावर परत भरवसा ठेवायला मी काय खुळी आहे?

तशी मी मुळातलीच संशयी. माहेर शहापूरकडचं, तानशाच्या अंगाला. तिथं माणसाच्या उंचीचे पाइप शेताशेजारून मुंबईला जातात. लहानपणी त्या पाइपाला कान लावला की आतलं पाणी ऐकू यायचं, आणि वैशाखात आम्ही बायका-पोरी विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरत बसायचो. अशा गावात वाढलेली पोर कोणाच्या गोड बोलण्याला चटकन भुलत नाही. आई म्हणायची, "हिला देवानं परसाद दिला तरी ही आधी वास घेऊन बघंल." खरं आहे. अजून घेते.

वैशाखात लग्न होऊन मी काळू नदीच्या काठच्या या गावात आले. मुरबाडला एसटीतून उतरायचं, मग जीपमध्ये कोंबून घ्यायचं, मग नदीच्या कडेकडेनं चालत यायचं. अंगावरची हळद पुरती उतरली नव्हती तेव्हा मला पहिल्यांदा जवळ केलं ते चांगुणाकाकीनं. सासऱ्यांच्या थोरल्या चुलतभावाची ती बायको. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि तोंड असं की रस्त्यानं जाणारं कुत्रंसुद्धा तिच्या अंगणाला वळसा घालून जाई. मला म्हणाली, "बघ पोरी, माझं एकच भाताचं खाचर हाय नदीच्या कडंला. पण त्याच्या जोरावर मी आजवर कोणाच्या दारात ताट घेऊन उभी नाय राहिले." एवढं बोलून तिनं मला एक चिमूट मिश्री दिली. मी आधी वास घेतला. ती खदखदून हसली आणि म्हणाली, "माझ्यासारखीच हायस."

आषाढ सरता सरता पूर आला. आरडाओरडा करत आला असता तर बरं झालं असतं. तो मोरीतून आला. मी भांडी घासत होते आणि मोरीच्या भोकातून पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायला लागलं. गुडगुड आवाज करत, आपल्याच घरचं असल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, काहीतरी अडकलं असेल. मी म्हटलं, मला हे लक्षण बरं दिसत नाही. तेवढ्यात दारातून गोठ्यातलं एक दावं तरंगत आत आलं. मग कसलं काय! गाय सोडली, वासरू सासऱ्यांनी खांद्यावर घेतलं, आणि आम्ही टेकडावरच्या वाडीकडं पळत सुटलो. हे कल्याणला कामावर. मोबाइल तेव्हा गावात एक-दोघांकडं, तेही मुके झालेले. वाडीतल्या एका म्हातारीच्या खोपटात आम्ही दाटीवाटीनं बसलो. धुरानं डोळे चुरचुरत होते, ओल्या गोधडीचा वास येत होता, आणि खालून नदीचा आवाज. तो आवाज मला अजून पिठाच्या गिरणीत ऐकू येतो. गिरणीत मी फार वेळ थांबत नाही.

उतरलो तेव्हा घर उभं होतं, पण घरातलं काही जागेवर नव्हतं. भिंतीवर छातीएवढ्या उंचीची चिखलाची रेघ. कणग्यातलं भात भिजून फुगलं आणि बघता बघता त्याला मोड आले. आंबूस, उबट वास सुटला. सासूबाई त्या मोडांकडं बघून रडल्या. अंगणात वाहून आलेलं मेलेलं जनावर बघून त्या रडल्या नव्हत्या.

आणि मग गावात संशयाचं पीक आलं. कोण म्हणे वरच्या धरणाचा दरवाजा उघडला. अहो, आमच्या नदीवर धरणच नाही! पण तसं म्हटलं की उत्तर, "नाय कसा? लपवून बांधला असंल." विहिरीत औषधाची पावडर टाकली तर बायका ते पाणी तोंडात घेईनात, म्हणे यानं पोरं होत नाहीत. मदतीची गाडी आली. बिस्किटं, मेणबत्त्या, आणि शहरातल्या लोकांचे जुने कपडे. जरीचे फ्रॉक, लग्नातले कोट. प्रत्येकाला वाटे शेजाऱ्याला जास्त मिळालं. मीही मागे नव्हते. शेजारच्या धाकूभावजींना काळा कोट मिळाला आणि आम्हाला नुसते फ्रॉक, यात काहीतरी काळंबेरं आहे असं मी दोन दिवस धरून चालले होते. धाकूभावजी तो कोट घालून, खाली लंगोटी, चिखल उपसत होते. ते ध्यान बघून शेवटी मलाच हसू फुटलं.

भाताची रोपं म्हणजे आवण. तेही गेलं. लावलेलं गाळाखाली, लावायचं राहिलेलं वाहून. हंगाम हातचा गेला असं सगळे धरून बसले होते. तेव्हा एका सकाळी वाडीतली माणसं डोक्यावर आवणाच्या मुठी घेऊन रांगेनं खाली उतरली. टेकडावरच्या त्यांच्या राबांना, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यांना, पुराचं पाणी लागलं नव्हतं. हळवं भात, लवकर येणारं. फुकट. आमचं गाव दारात उभं राहून बघत होतं आणि कोणी पुढे होईना. एवढं उदार कोण असतं? कीड लागलेलं असेल. नाहीतर उद्या शेतात हिस्सा मागतील. ज्या म्हातारीच्या खोपटात आम्ही राहिलो होतो, तिनं डोक्यावरचा भारा धपकन खाली टाकला. "बघताव काय? तुमच्या शेतात भात आला तं कापायला आमीच येनार ना? तुमचा नाय पिकला तं आमी जायचा कुठं?" हे कारण सगळ्यांना पटलं. उपकार म्हटलं असतं तर कोणी हात लावला नसता. स्वार्थ म्हटल्यावर सगळ्यांनी पटापट मुठी उचलल्या. मीसुद्धा उचलल्या. मला अजूनही त्या म्हातारीच्या अकलेचं कौतुक वाटतं.

पण लावायचं कुठं? नदीकाठच्या खाचरांचे बांध राहिलेच नव्हते. नदीपासून गावापर्यंत पायऱ्या पायऱ्यांनी चढत जाणारी खाचरं होती म्हणे. मी ती नीट पाहिलीही नव्हती, लग्न होऊन आले तेव्हा नुसती सुकलेली धसकटं होती. आता तिथं एकसपाट गाळ. कुठं कोणाचं सुरू होतं आणि कुठं संपतं, काही कळायला मार्ग नाही. बांधाशिवाय पाणी उभं राहत नाही, आणि पाणी उभं राहिल्याशिवाय भात नाही. बांध घालायचा म्हटला तर शेजाऱ्याशी भांडण. चांगल्या दिवसांतही बांधावरून डोकी फुटतात, मग इथं तर कोऱ्या पाटीवर रेघ मारायची होती. मी म्हटलं, आता बघायला मिळणार या गावाचं खरं तोंड.

भांडण झालंच नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पुरुषमंडळी रोज गाळात उभी राहून हळू आवाजात बोलत. मी भाकऱ्या घेऊन गेले की गप्प. कोणी आभाळाकडं बघायचं, कोणी कोटाची बटणं लावायचं. एकदा मी करवंदीच्या जाळीआड थांबून ऐकलं. धाकूभावजी म्हणत होते, "वयनी यायच्या आत उरकून टाकू. ती आली का मग काय खरा नाय." वहिनी म्हणजे चांगुणाकाकी. ती पुराच्या आधीच शहापूरकडं भावाकडं गेली होती, भाचीच्या बाळंतपणाला. रस्ते तुटले, तिथंच तापानं आडवी पडली. सासरे म्हणाले, "आणि मोजणीचं कोणी नाव काढू नका. मोजणीवाला आला का आपलं सगळं उघडं पडंल."

मी जाळीआडच हिशेब मांडला. विधवा बाई, मूल नाही, गावात नाही, बांध पुसलेले. आणि तिच्या खाचराला लागून खाचर कोणाचं? आमचंच. म्हणजे माझा सासरा! देवळात पहिली घंटा वाजवणारा, मला "पोरी" म्हणून हाक मारणारा हा माणूस. रात्री मला जेवण गेलं नाही. कल्याणहून परतलेल्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाबा? येडी का खुळी?" मी म्हटलं, सगळे मुलगे असंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी भाकरी हातात दिली आणि सरळ विचारलं, "बाबा, काकींचं खाचर कुठं आहे?"

 भाकरी धरलेल्या हातानंच त्यांनी नदीकडं दाखवलं. काठाकडं नव्हे, पाण्याकडं. जिथं लाल पाणी भोवरा धरून फिरत होतं तिथं.

"तिथं," म्हणाले. "नदीनं काठ कापला गो. तिचं पुरं खाचर घेऊन गेली. हातभर पण ठेवला नाय."

 मग त्यांनी सगळं सांगितलं. शेत नाही म्हटलं की काकी इथं राहायची नाही. भावाकडं जाईल, भावजयीच्या हाताकडं बघत दिवस काढील. "वयनी तशी जगायची नाय. आणि आमी आमच्यातला तुकडा देतो म्हटला, तं ती आमच्या तोंडावर थुंकंल. मग आमी ठरवला, बांध पुसलेतच, तं सगळे बांध वर सरकवायचे. माझा, धाकूचा, त्याच्या वरच्याचा, थेट माळापर्यंत. परतेकाचा थोडा थोडा जाईल. खाली तिचं खाचर निघंल. तिला कळायचा पण नाय."

खरं सांगते, मला आधी गहिवर वगैरे आला नाही. आधी राग आला. नवीन संसार, घरात भिजलेलं भात, आणि हे वाटत सुटलेत! दुसरा विचार आणखी वाईट: काकीला मूल नाही, म्हणजे मागेपुढे ते खाचर आपल्याकडंच येणार, हे बाबांनी आधीच धरलेलं असेल. माझं मन असं आहे, त्याला मी काय करू? पण मग बघितलं तर धाकूभावजी तो जड ओला कोट काढून बाजूला ठेवत होते आणि स्वतःच्या खाचराच्या आत शिरून बांधाचा पहिला चिखल रचत होते. कोणी दोरी धरली नव्हती, कोणी कोणाचं मोजत नव्हतं. मी पदर खोचला आणि चिखलात उतरले.

श्रावण सरता सरता काकी आली. तापानं हाडं वर आलेली, पण आली ती घरी न जाता तडक शेतावर. सगळं गाव काहीतरी काम काढून आसपास. ती खाचराच्या चारही बांधांवरून फिरली. आवण लावलेलं होतं, हिरवं होत होतं. तिनं ते बघितलंसुद्धा नाही.

"माझं खाचर एवढुसा कसा झाला?"

सासरे, म्हणजे काकीचा दामू, म्हणाले, "गाळ बसला ना वयनी, म्हणून तसा दिसतो."

"गाळ बसून खाचर आखूड होतो? आणि पाणी उतरायची वाट माझी नदीच्या अंगाला होती. ती हिकडं कशी आली?"

"पुरानं फिरवली."

"पुरानं फिरवली! आणि तुमच्या अकला पण फिरवल्या काय रे? दामू, चोर हायस तू! मी चार दिस गावात नाय तं माझा बांध खाल्लास. धाकल्या, कोट घालून हिंडतोस, तू पण चोर! मोजणी आणते. सगळ्यांना उघडं पाडते."

बांधाबांधावर माणसं उभी होती. ज्यांनी ज्यांनी आपल्यातलं काढून दिलं होतं ती सगळी. एकानंही तोंड उघडलं नाही. खाली मान घालून गवत उपटत राहिले. माझी जीभ नुसती वळवळत होती. वाटलं ओरडून सांगावं, अहो बाई, ज्यांना चोर म्हणताय त्यांच्याच पोटातला घास आहे हा! सासऱ्यांनी माझ्याकडं एक नजर टाकली आणि मी ओठ गच्च मिटले.

त्या साली भात बरं आलं. हळवं, लवकर कापणीला आलेलं. कापायला वाडीतली माणसं आली, ठरल्याप्रमाणे. काकीनं आपल्या भाताचे भारे स्वतः बांधले, कोणाला हात लावू दिला नाही. तिच्या दारात भाऱ्यांची उडवी उभी राहिली तेव्हा ती तिच्याभोवती फिरून फिरून बघत होती, आणि अधूनमधून आमच्या घराकडं तोंड करून "चोर" म्हणत होती.

पुढे दरवर्षी तेच. आवणीच्या आधी बांध नीट करायचे दिवस आले, की काकी इरलं घेऊन बांधावर हजर. "दामू, यंदा परत खाल्लास!" मग मोजणीची धमकी. मोजणी म्हटलं की अख्ख्या गावाचे चेहरे पडत. तिच्यासाठी धास्तावत बिचारे. मी आतल्या आत धुमसायची. एकदा सासऱ्यांना म्हटलं, "किती ऐकून घ्यायचं?" ते म्हणाले, "बोलण्यानं अंगाला भोक पडतो काय?" पण शिव्या खाऊन आले की त्या दिवशी ते जेवताना गप्प असत. ते मला दिसायचं. काकीचा मला तेव्हा खरंच तिटकारा आला होता.

आता गावात निराळेच बांध आहेत. शहरातले लोक जीपमधून येतात, दुर्बिणीसारखं यंत्र तीन पायांवर उभं करतात आणि तारेचं कुंपण घालतात. आत लॉन, बाहेर पाटी. इंचाइंचाचा हिशेब चोख. त्यांच्या कुंपणाला कधी कोणी चोर म्हणत नाही, कारण तिथं म्हणायला कोणी उभंच नसतं. असो, मी काय सांगत होते?

काकीचा शेवटचा पावसाळा. पायांना सूज, दमा. मी रोज पेज घेऊन जायची, सासूबाईंनी सांगितलं म्हणून. त्या दिवशी ती पेज पिता पिताही सासऱ्यांचा उद्धार करत होती. माझा बांध तिथं फुटला.

"पुरे झालं काकी! तुम्हाला खरंच वाटतं का, त्यांनी तुमचं शेत खाल्लं?"

तिनं वाटी खाली ठेवली. माझ्याकडं असं बघितलं, जसं नव्या नवरीकडं बघतात.

"खाल्ला? अगो, माझं खाचर नदीनं खाल्ला. मला काय म्हाईत नाय?"

मी तिच्याजवळ सरकले.

"माझ्या खाचराच्या वरच्या कोपऱ्यावर उंबर होता. आमच्या ह्यांनी लावलेला. त्याचं खोड अजून दिसतो उन्हाळ्यात, पाण्याच्या मधोमध. उंबर पाण्यात आणि खाचर पाण्याबाहेर? पहिल्याच दिशी कळला मला. घरी येऊन दार लावून रडले मी."

"मग शिव्या कशाला? इतकी वर्षं?"

"मग काय करायचा होता? पाया पडायचा होता सगळ्यांच्या? 'माझ्या बापांनो, उपकार झाले' म्हणत दारोदार फिरायचा? तसं केला असता ना, तं दुसऱ्या साली तो तुकडा त्यांचा झाला असता. दिलेला. त्यांच्या मनात नाय, तं पोरांच्या मनात आला असता. आणि माझ्या मनात तं रोजच." तिला धाप लागली. मी पाठ चोळली. "मी भांडले, म्हणून तो माझा राहिला. चोरलेला तुकडा ज्याचा त्याचाच असतो गो. दिलेला नसतो."

धाप ओसरल्यावर म्हणाली, "मोजणी आणते, आणते म्हटला. आणली कधी? तू येवढी संशयी बाई, तुला येवढा सुचला नाय?"

नाही सुचलं. नदीवर, धरणावर, पावडरीवर, कोटावर, सासऱ्यावर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. हा एक घ्यायचा राहून गेला होता. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, "रडू नको. आणि दामूला सांगशील तं बघ. त्याला सांगितला का मग मला भांडता यायचा नाय."

दुसऱ्या दिवशी बांधाचं काम होतं. काकी म्हणाली, मला ने. हाताला धरून मी तिला शेतावर नेलं. सासरे गुडघाभर चिखलात. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली, आणि उरल्यासुरल्या दमानं ओरडली, "दामू! यंदा परत खाल्लास रे माझा बांध!"

सासऱ्यांनी फावडं थांबवलं. पाठ सरळ केली. "चुकला वयनी," म्हणाले, आणि आपल्या बाजूचा एक फावडाभर चिखल उचलून तिच्या अंगाला टाकला. दोघं एकमेकांकडं बघत राहिली. बराच वेळ. भांडणारी माणसं एकमेकांकडं तशी बघत नाहीत.

काकी त्याच भादव्यात गेली. सासरे आता थकले आहेत, ओटीवर बसून असतात. तिला कळलं होतं हे त्यांना कळलं होतं का? मला दाट संशय आहे. चहाचा कप हातात देताना विचारलं तर क्षणात उलगडा होईल. पण आयुष्यात तेवढा एकच संशय आहे, जो मी विचारून मिटवलेला नाही.